परबांचा स्कोअर

परबांनी एकदा माझ्याकडून एक टाचणी नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला दाराची बेल वाजली. दारात परब, हातात टाचणी. "तुमची थोडी वाकली हो. ही नवी आणली."

दात घासता घासता मी टाचणी स्वीकारली. दुसरा इलाजच नव्हता. आमच्या लालबागच्या इमारतीत मधुकर परबांचं देणं नाकारायची कुणाची टाप नाही. त्यांना चहा पाजलात, की दुसऱ्या दिवशी चहाला बोलावणं आलंच. वाटीभर साखर दिलीत, तर ती परत येताना वर सुरी फिरवून सपाट केलेली असते. पाहुणा आला तरी ते उसनी खुर्ची मागत नाहीत, पाहुण्याला गॅलरीत उभा करतात.

वय त्रेपन्न, लग्न नाही. माझगावला जहाजदुरुस्तीच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. पहिली पाळी, तीनला सुट्टी. "आपला व्यवहार चोख," हे वाक्य ते नमस्काराच्या जागी वापरतात.

असा माणूस एके दिवशी म्हणाला, "गाडी घेतोय. सेकंडहँड. अर्धे पैसे आहेत, अर्ध्याचं लोन काढायचं. तुम्ही बँकेत चला. तुम्हाला त्यांची भाषा येते."

मी खुर्चीतून पडायचाच बाकी होतो. परब आणि लोन! पण त्यांनी गाडी शिकून तिसऱ्या खेपेला लायसन्सही मिळवलं होतं. पहिल्या खेपेला ते इतके हळू चालवत होते की आरटीओच्या साहेबांना गाडी बंद पडली असं वाटलं.

बँकेत शिंदे नावाची तरुण ऑफिसर होती. तिने कॉम्प्युटरमध्ये नंबर घातला, पुन्हा घातला आणि म्हणाली, "सर, तुमचा स्कोअरच येत नाहीये."

"येत नाही म्हणजे?"

"तुम्ही कधी लोन, क्रेडिट कार्ड काहीच घेतलेलं नाही. तुम्ही कर्ज फेडता की नाही, हे आम्हाला कळणार कसं?"

"अहो बाई, मी घेतलंच नाही, तर फेडू काय?"

"तोच तर प्रॉब्लेम आहे सर."

परबांनी पिशवीतून फाइल काढली. बावीस वर्षांची लाइटबिलं, तारखेवार. वाण्याचं पत्रही होतं : 'श्री. परब उधारी करत नाहीत. सुट्ट्या पैशांअभावी आम्हीच कधीकधी त्यांचे देणे लागतो.' शिंदेबाईंनी ते मनापासून वाचलं आणि तितक्याच मनापासून परत दिलं.

मग तिने सहज माझा नंबर घालून पाहिला. माझ्यावर फ्रिजचे हप्ते, फोनचे हप्ते आणि गोव्याला जाऊन आल्याचे हप्ते. तिचा चेहरा उजळला. "वा सर! तुमचा स्कोअर छान आहे. तुम्हाला हवंय का कार लोन?" शिपायाने चहाही माझ्यापुढे ठेवला. परबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गुत्त्यातून बाहेर पडताना सापडलोय.

उपाय शिंदेबाईंनीच सांगितला. छोटी एफडी ठेवा, तिच्यावर क्रेडिट कार्ड घ्या, थोडं वापरा, वेळेवर भरा. काही महिन्यांत स्कोअर तयार होईल. म्हणजे चोख माणसाने आधी कर्जबाजारी व्हायचं, मग बँक त्याला चोख म्हणणार.

परबांनी कार्ड घेतलं आणि त्यावर पहिली खरेदी केली ती केरसुणीची. दुसऱ्या दिवशी कामावर खाडा करून पैसे भरायला बँकेत हजर. बिल अजून निघालं नव्हतं. "बिल येईपर्यंत मला जेवण जात नाही," ते म्हणाले आणि अंदाजाने जास्तच भरून आले. आता बँकच त्यांचं देणं लागत होती. ते जादाचे पैसे परत कसे घ्यायचे, हे बँक सांगेना, म्हणून ते माझ्या डोक्यावर बसले. शेवटी मी म्हटलं, "परब, त्या पैशांची दुसरी केरसुणी घ्या." त्यांनी खरोखर घेतली.

सहा-सात महिने असे गेले. स्कोअर आला. व्याज जरा चढं लागलं, पण लोन पास झालं. सह्या करण्याआधी परबांनी सगळे कागद मोठ्याने वाचले. मागच्या रांगेतले दोघे कंटाळून घरी गेले.

पांढरी, छोटी गाडी आली. मंगळवार, गुरुवार, शनिवार, साडेतीनच्या ठोक्याला भांग पाडून परब तिच्यातून निघत. एरवी गाडी झाकलेली. इमारतीत आम्ही अंदाज लढवले. "बाई आहे," मीच छातीठोकपणे सांगितलं. "या वयात तीच तर गाडी मागते." सगळे हसले. मला माझ्या विनोदाचा अभिमान वाटला.

एका शनिवारी मी बायकोचे रिपोर्ट आणायला परळला गेलो. हॉस्पिटलच्या फाटकातून परब एका म्हाताऱ्या बाईला धरून आणत होते. दंडाला पट्टी, पाऊल उचलत नव्हतं. मला पाहून ते गडबडले.

"माझी बहीण. वडाळ्याला एकटी असते," तिला पुढच्या सीटवर बसवून ते हळूच म्हणाले. "डायलिसिस. जाताना शेजारीण आणते. येताना अगदी गळून जाते हो. टॅक्सीत एकदा उलटी झाली, तर ड्रायव्हरने शिव्या घालून भर रस्त्यात उतरवलं आम्हाला. तेव्हापासून म्हणायला लागली, आता पुरे, मी येणार नाही. दोन खेपा गेलीच नाही." ते थांबले. "बसा ना, सोडतो तुम्हाला."

मी मागे बसलो. गाडी पुलाखाली आली आणि ताईंनी तोंडावर पदर धरला. परबांनी गाडी बाजूला घेईपर्यंत उशीर झाला होता. पदर, सीट, खालची चटई, सगळं भरलं.

ताई रडकुंडीला आल्या. "मधू, गाडी घाण झाली रे तुझी..."

मागून हॉर्न वाजत होते. परबांनी तिचं कपाळ तळव्याने धरलं, दुसरा हात पाठीवरून फिरवला. घाई नव्हतीच त्यांना.

"होवंदे गे बाय," ते म्हणाले. "हयसून तुका कोण उतरवचो नाय."