टाकी भरेना, पाळणा रंगेना

"पाळणा मीच रंगवणार! ब्रशने नाही, स्प्रेने! आरशासारखा चमकेल!" साहेबांनी छाती ठोकून सांगितलं.

घरातल्या प्रत्येक यंत्राचे आपण डॉक्टर, अशी त्यांची ठाम समजूत; म्हणून घरचे त्यांना कौतुकाने (आणि थोडं धास्तीनेच) इंजिनसाहेब म्हणत. संध्याकाळी लेक तान्ह्या बाळाला घेऊन दवाखान्यातून घरी यायची होती. त्याआत रंग लागायला हवा, वाळायलाही हवा!

सकाळीच साहेबांनी कानांत कापूस कोंबला आणि गॅरेजमधला हवेचा कॉम्प्रेसर सुरू केला. दाबाचा काटा भराभर चढू लागला. साहेब निर्धास्त मनाने रंग ढवळायला आत गेले. परत येऊन पाहतात तो काय, मशीन धडधडतंय आणि काटा पार खाली! ऐन उत्तररंगात कीर्तनबुवांचा आवाज बसावा, तशी गत!

"मामा, हात लावलात का कशाला?"

मामा म्हणजे सासरे. सगळी नोकरी रेल्वेच्या सिग्नलवर गेलेली. स्टुलावर ताठ बसून ते म्हणाले, "छे हो! तुम्ही सांगितलंय त्यापलीकडे बोट लावलं नाही."

साहेबांनी मशीन बंद केलं. फिल्टर झटकला, नळीचे सांधे आवळले, साबणाचा फेस फासला. मशीन पुन्हा चालू! कुठे एक बुडबुडा नाही, काटाही गुणी बाळासारखा वर. तेवढ्यात लेकीचा फोन.

"बाबा, पाळणा झाला?"

"झाल्यातच जमा!" म्हणत ते परतले. काटा खाली!

आता मात्र देवाचा धावा करत त्यांनी व्हॉल्व्ह खोलला, पुसला, बसवला. एक स्क्रू उरला, तो गुपचूप खिशात घातला.

"अहो, दुपार टळली!" बायको म्हणाली. "तुम्ही रंगाचं बघा, मी इथे उभी राहते."

काटा चढला, टाकी भरली, मशीन आपोआप थांबलं. लगेच मामा वाकले आणि त्यांनी टाकीखालची तोटी उघडली. फुस्स्स!

"बाबा! हे काय?" बायकोने वडिलांना विचारलं.

"मशीन थांबलं ना! थांबलं की तोटी उघडायची, चालू करायच्या आधी बंद. नाहीतर आत पाणी साचून टाकी गंजते. मागे एकदा विसरलो तर जावईबापू केवढे ओरडले होते! आज एकदाही चुकलो नाही बघ."

रंगाचा डबा हातात धरून साहेब दारातच थिजले. "अहो मामा, टाकी भरली की ते आपलं आपण थांबतं, आणि हवा गेली की आपलं आपण सुरू होतं!"

"हे सांगितलं नव्हतंत."

साहेबांनी कानातला कापूस काढला. पण आता ऐकण्यासारखं उरलं होतं तरी काय!

रंग लागला, आरशासारखा चमकलाही. पण लेक आली तेव्हा पाळणा ओलाच होता. म्हणून बाळ निजलं ते पणजोबांच्या मांडीवर, आणि तेही असं गाढ, की कुणाला पाळण्याची आठवणच उरली नाही!

"जावईबापू," मामा दबक्या आवाजात म्हणाले, "माझी मांडी अडकलीय. मशीन थांबलंय ना? तेवढी तोटी उघडून या."

साहेब मुकाट्याने उठले.