शारदाबाईंच्या माहेरचं इंजिन

आर्वीचं घर विकायला निघालं तेव्हा शारदाबाईंच्या भावाने फोन केला, "ताई, तुले काय पाहिजे ते घेऊन जा." पितळी हंडे येतील, निदान सासऱ्यांची आरामखुर्ची तरी येईल, अशी त्यांच्या नवऱ्याची, यशवंतरावांची अपेक्षा होती. रायपूरच्या समता कॉलनीत टेम्पो थांबला आणि हमालांनी शिव्या घालत अंगणात एक इंजिन उतरवलं. जुनं, ठेंगणं, गंजलेलं, बाजूला डायनॅमो जोडलेला.

"हे काय आणलं?" यशवंतरावांनी विचारलं.

"इंजिन."

"ते मले दिसून राह्यलं. काहून आणलं?"

शारदाबाईंनी पदराने इंजिनाची टाकी पुसली. "आमच्या गावात लाइन नव्हती तवाची गोष्ट. बाबा लग्नाच्या मांडवात हे लावत. दोरी ओढली का सारा मांडव पिवळा होये. लोक नवरा-नवरी सोडून बल्बाकडेच पाहत. मले एक डाव पुन्हा आयकाचं हाय याले."

यशवंतरावांनी रेल्वेच्या बुकिंग खिडकीत बसून आयुष्यभर लोकांना 'नहीं है, आगे बढ़ो' एवढंच सांगितलं होतं. पण बायकोने लग्नानंतर मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती, आणि तिच्या तोंडावर तेव्हा जे काही होतं ते पाहून त्यांना नाही म्हणवेना.

मिस्त्री आला. त्याने इंजिन उघडलं, फुंकलं, ठोकलं आणि निकाल दिला. "बाकी सब टनाटन है बाबूजी. मैग्नेटो मर गया है. ठिणगी वही देता है ना. कॉइल बांधून होणार नाही, पुराच लागेल. और ये अब बनता नहीं."

दुसऱ्या दिवसापासून यशवंतराव मेलेला मॅग्नेटो पिशवीत घालून बाहेर पडू लागले. शंकर नगरच्या दुकानातल्या मुलाने तो उलटसुलट पाहिला आणि हा कशात लागतो, मिक्सरमध्ये का, असं विचारलं. गोल बाजारातल्या दुकानदाराने पिशवीत डोकावूनच सांगितलं, "नहीं है, आगे बढ़ो." यशवंतराव पुढे गेले. या वाक्यानंतर माणसाला कसं वाटतं ते त्यांना उतारवयात प्रथमच कळत होतं.

त्यांचा मुलगा पियुष नव्या रायपूरला मंत्रालयात होता. तो मोबाइलवर शोधून थकला. "पापा, छोड़ दो ना. मम्मी को इन्व्हर्टर दिला दो."

"तुह्या आईले उजेड नाई पाहिजे, पोट्ट्या. आवाज पाहिजे."

खरी गडबड टाटीबंधच्या एका भंगारवाल्याकडे झाली. लोखंडाच्या ढिगात यशवंतरावांना मॅग्नेटोचं नुसतं वरचं कव्हर सापडलं. आत काही नव्हतं, पण त्यावरची नक्षीदार अक्षरं आणि अजून न बिघडलेला तो गोलावा पाहून ते ढिगावरच बसून राहिले. डोळ्यांत पाणीही आलं असावं.

भंगारवाल्याने दबक्या आवाजात विचारलं, "बाबूजी, क्या होता है इसके अंदर?"

यशवंतराव भारावून म्हणाले, "इसमें जो होता है ना भैया, वो अब दुनिया में कहीं नहीं मिलता."

त्यांना कारागिरी म्हणायचं होतं. भंगारवाल्याने ते त्याच्या पद्धतीने ऐकलं: आत काहीतरी लाखमोलाचं असतं. त्याच संध्याकाळी त्याने मेव्हण्याला सांगितलं आणि मेव्हण्याने मोबाइलवर गावोगावच्या लोकांना कळवलं.

आठवड्याभरात रायपूरच्या बाजारातून मॅग्नेटो गायब झाले. काल ज्यांनी आगे बढ़ो म्हटलं होतं, ते आता यशवंतरावांना खुर्ची देऊ लागले. "है बाबूजी, मगर बेचना नहीं है," असं सांगताना त्यांचा हात आपोआप गल्ल्यावर जायचा. आपण शोध घेतो आहोत म्हणून वस्तू सापडेनाशी झाली आहे, हे यशवंतरावांच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. लोक आता घरी येऊ लागले होते.

कुणी मोटारसायकलचा मॅग्नेटो आणला, कुणी ट्रॅक्टरचा. एकाने शिलाई मशीन आणलं. एक बाई तर पाण्याचा पंपच डोक्यावर घेऊन आली आणि ओट्यावर आदळून म्हणाली, "देख दे तो बाबू, यामें हे का?"

"यात काई नाई, बाई," यशवंतराव हात जोडून सांगत.

"हाँ हाँ, समझ गई," असं म्हणून ती पंप घट्ट धरून गेली. नाही म्हटल्यावर तर लोकांची खात्रीच पटायची.

शारदाबाई चहा करून करून थकल्या. पियुषच्या साहेबांनीही त्याला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि आपल्या सासऱ्यांच्या जुन्या स्कूटरबद्दल पंधरा मिनिटं चौकशी केली. शेवटी एका दुपारी दारात हवालदार उभा राहिला.

"क्या चल रहा है यहाँ? शिकायत आई है." त्याने वहाणांच्या राशीकडे कडक नजरेने पाहिलं.

यशवंतराव त्याला अंगणात घेऊन गेले. त्यांनी इंजिन दाखवलं, सासरे सांगितले, मांडव सांगितला. हवालदाराने सगळं ऐकून घेतलं, मागे वळून पाहिलं आणि खिशातून रुमालात बांधलेली वस्तू काढली. "ठीक है. अब जरा ये भी देख लो, काका."

तो स्कूटरचा मॅग्नेटो निघाला.

याच गर्दीत रविवारी सकाळी भैय्यालाल आला. आरंगकडच्या गावातला, पांढऱ्या मिशांचा, अबोल माणूस. त्याने गमछ्यात बांधलेला मॅग्नेटो सोडला आणि यशवंतराव चटकन पुढे वाकले. तीच अक्षरं, तोच गोलावा, आणि आत सगळं जागच्या जागी.

"ये... ये कुठे मिळाला तुम्हाले?"

"हमारे बाबूजी का है," भैय्यालाल म्हणाला. "देंगे नहीं. जो निकालना है, मेरे सामने निकालो."

"निकालना नहीं है. लगाना है."

मिस्त्रीला निरोप गेला. तो येईपर्यंत अंगण भरलं, शेजारच्या गच्च्या भरल्या. मॅग्नेटो आपल्या जागी असा बसला की जणू कालच काढला होता. मिस्त्री दोरी गुंडाळून ओढायला वाकला, तशा शारदाबाई पुढे झाल्या.

"सरक, बाबू."

त्यांनी पदर खोचला, पाय रोवला आणि दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. इंजिन एकदा खोकलं. तिसऱ्यांदा त्यांनी ओठ आवळून अशी दोरी ओढली की बांगडी फुटली, आणि अंगणातून धडधड उठली. आधी तुटक, मग सलग, मग अशी भरदार की ओट्यावरचे कप थरथरले. डायनॅमोला लावलेला बल्ब लाल झाला, पिवळा झाला आणि भर उन्हात पेटून राहिला.

घरोघरी डझनभर दिवे असलेली ती माणसं एका बल्बाकडे तोंड उघडून पाहत होती. गर्दीत आलेल्या हवालदाराने टोपी काढून काखेत धरली. पियुष मोबाइलवर व्हिडिओ घ्यायचा म्हणून उभा होता, पण त्याचा हात खालीच राहिला. शारदाबाईंच्या हातातून रक्त येत होतं आणि त्या हसत होत्या. यशवंतरावांना वाटलं, या बाईला आपण आज पहिल्यांदा पाहतोय.

पेट्रोल संपलं तसं इंजिन थांबलं. मग खजिना निघणार नाही हे हळूहळू लक्षात आलं, आणि लोक आपापले पंप, मशिनी उचलून, देवळातून निघावं तसे हळू आवाजात बोलत निघून गेले.

भैय्यालाल तेवढा थांबला. "अब खोल दो. ले जाऊँ."

यशवंतरावांनी बायकोकडे पाहिलं. शारदाबाई आत गेल्या, पाना घेऊन आल्या आणि इंजिनापाशी बसल्या. "त्याच्या बापाचं हाय. त्याले देणं लागते." पहिला नट ढिला झाला.

"रहने दो, दीदी," भैय्यालाल एकदम म्हणाला. त्याने गमछ्याने तोंड पुसलं. "मेरे पास इंजन ही नहीं है. बाबूजी गए, तो मैंने कबाड़ में तुलवा दिया. ये एक डब्बा छूट गया था." त्याने पाना बाजूला ठेवला. "इतवार को आ जाया करूँ? बस, सुनने."

"हव," शारदाबाई म्हणाल्या. "चहा घेऊनच जात जा."

पुढच्या रविवारी दारात पिकअप थांबली. भैय्यालालने एकटं येण्याऐवजी भाऊ, भावजया, सुना आणि लेकरं सगळीच आणली होती. बायकांनी ठेवणीतली लुगडी नेसली होती. चौघांनी मिळून एका खाटेवरून त्याच्या आईला उतरवलं. म्हातारीला दिसत नव्हतं. ऐकू येत होतं.

शारदाबाईंनी दोरी ओढली. इंजिन सुरू झालं तसा म्हातारीने हवेत हात पुढे केला. भैय्यालालने तो धरून टाकीवर ठेवला. गाभण गायीच्या पोटावर ठेवावा तसा तिने तो सपाट केला आणि मान तिरकी करून किती तरी वेळ ऐकत राहिली.

"जीयत हे," ती म्हणाली. "तोर ददा के मशीन जीयत हे."

जिवंत आहे ते तिच्या नवऱ्याचं इंजिन नाही, हे अंगणातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. कुणीच तसं म्हटलं नाही. टाकीतलं पेट्रोल तळाला चाललं होतं. यशवंतरावांनी पियुषकडे पाहिलं. पियुषने मोटारसायकल जवळ आणली आणि तिच्या टाकीत सोडलेल्या नळीचं टोक तोंडात धरून पेट्रोल ओढायला बसला.