समोरचं मस्त, मागचं नाई

कुणाच्याही घरी पाहुणा आला की पंखा लागतो. खेमराज कटरेच्या घरी तो बंद होतो. मे महिन्यात अंगातून धारा लागलेल्या असल्या तरी "बस मास्तर," म्हणत तो आधी पंखा बंद करणार, मग फ्रिजचा प्लग उपटणार, मग भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढणार. काट्याची टकटक आड येते म्हणे. एवढं झालं की तुमच्या कानांवर हेडफोन चढवून तो समोर मांडी घालून बसतो आणि तापमापकाकडे पाहावं तसा तुमच्या तोंडाकडे पाहत राहतो.

"का आयकू आलं?"

"छान आहे."

"समोरचं मस्त आहे, मास्तर. मागचं नाई."

हे वाक्य मी आठ-नऊ वर्षं ऐकलं. दुकानं बदलली, हेडफोन बदलले, वाक्य तेच राहिलं.

आमचं गाव अर्जुनी मोरगावच्या पुढं, इटियाडोह धरणाच्या कालव्याखाली. खेमराज माझा शाळेपासूनचा सोबती. पूर्वी तो गोंदियाला एका राइस मिलमध्ये मुनीम होता. वडील गेल्यावर गावी परतला आणि धानाची शेती पाहू लागला. मी गावातल्याच हायस्कुलात शिक्षक. माझ्याकडे फटफटी होती आणि त्याच्या मते मला "कानाची समज" होती, म्हणून प्रत्येक खरेदीला मी सोबत.

गोंदियाच्या दुकानात तो पिशवीतून आपला वॉकमन आणि आपली कॅसेट काढायचा. दुकानातलं गाणं त्याला चालत नसे. कॅसेट एकच, आमच्या गावच्या नाटकाची. दुकानदार आधी हसला, मग तासाभरानं थकला. "काका, गाना सुनना है की एक्स-रे निकालना है?"

"एक्स-रेच समझो," खेमराज गंभीरपणे म्हणाला आणि पुढचा हेडफोन मागितला.

नागपूरला तर त्यानं एका पोराला दुकानाचा एसी बंद करायला लावला. पुढं बंगलोरचा भाचा उघड्या पाठीचा एक हेडफोन घेऊन आला. त्यातून बाहेरचं सगळं ऐकू यायचं, म्हणून गावातली राइस मिल बंद असते त्या मंगळवारीच तो कानाला लागायचा. शेजाऱ्याची पाण्याची मोटार सुरू झाली की हेडफोनला जोडलेल्या अँप्लिफायरमध्ये गुणगुण येई आणि खेमराज धोतर सावरत बांधाकडे धावत सुटे. "अरे, दहा मिनिटं बंद कर ना गा! धान का पळून चाललं?" लोडशेडिंगनं त्याचा मंगळवार गिळला की तो आठवडाभर कुणाशी धड बोलत नसे.

वहिनी चहा ठेवताना म्हणायच्या, "मले पाहाले आले तवा पंधरा मिनिटात हो म्हनून गेले होते. या कानटोपाले सात वर्सं झाली, पसंती नाई."

"तुले नुसतं पाहाचं होतं," खेमराज म्हणे. "याले आयकाचं आहे."

"मले आयकलं असतं तं बरं झालं असतं," म्हणत त्या आत जायच्या.

ऐकता ऐकता त्यानं एका वहीत नकाशा काढला होता. नाटकाला कोण कुठं बसलं होतं त्याचा. "हा खोकला टेंभऱ्याचा, डावीकडं, दुसरी ओळ. हे लेकरू पाटलाच्या सुनेचं. हा जो हसून राहिला, तो बिसेन, त्याले जोक नेहमी उशिरा समजते." मी हसायचो. सगळं गाव हसायचं. मी मात्र हसता हसता विषय बदलायचो. त्याचं कारण मी तेव्हा कुणाला सांगितलेलं नव्हतं.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईला नाटक असतं. बाजूच्या पडद्याआड प्रॉम्प्टर वही घेऊन बसतो आणि नटाच्या अर्धा श्वास आधी वाक्य देतो. खेमराजचे वडील, आम्ही त्यांना गुरुजी म्हणायचो, तीस वर्षं ते काम करत होते. नव्याण्णव सालच्या नाटकात मी नायकही होतो आणि दिग्दर्शकही. गुरुजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. एका तालमीत त्यांनी दोन पानं एकदम उलटली. मी सगळ्यांसमोर त्यांच्या हातातून वही ओढली आणि म्हणालो, "गुरुजी, पुरे झालं. आता तुम्ही समोर बसून नाटक पाहा."

ते हसले. चष्मा घडी करून खिशात ठेवला. वही मी एका कॉलेजच्या पोराला दिली.

नंतर कळलं, घरी त्यांनी काही सांगितलंच नाही. रोज तालमीच्या वेळेला टॉर्च घेऊन निघायचे आणि बसस्टँडच्या शेडमध्ये बसून परतायचे. पुढच्या पेरणीआधी ते गेले.

तेरवीला खेमराज म्हणाला, "फोटो आहे बाबूजीचा. आवाज नाई." तो गोंदियाला असल्यानं नाटकालाही आला नव्हता. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आवाज आहे ना. मी नाटक टेप केलंय. पडद्यामागचा आवाज त्यांचाच तर आहे."

मंडळातल्या चौघांना खरं माहीत होतं. मास्तरची लाज राखायला ते गप्प बसले.

आता समजेल, मी हेडफोन निवडायला कसा मदत करत होतो ते. जो चांगला असेल तो मी नापास करायचो. ज्यात ढोलकी पोटात धडधडते आणि बाकी सगळं बुडून जातं, तो त्याच्या हातात द्यायचो. "हा घे, काय दमदार आहे!" तो माझ्यावर विश्वास ठेवून घ्यायचा, पंधरा दिवसांनी परत करायचा. जितकं यंत्र चांगलं, तितका पडद्यामागचा तो पोरगा स्पष्ट ऐकू येणार होता. एकदा मी कॅसेट साफ करून देतो म्हणून घरी आणली. टेपमध्ये घातली. सगळं पुसून टाकणाऱ्या रेकॉर्डच्या बटणावर बोट ठेवलं. बायको काहीतरी विचारायला आत आली, म्हणून ते बोट उचललं गेलं. नाहीतर मी काय केलं असतं, मला सांगता येत नाही.

शेवटी त्यानं माझ्याशिवाय खरेदी केली. गोंदियाच्या एका जुन्या रेडिओ मेकॅनिककडून काचेच्या दिव्यांचा, म्हणजे व्हॉल्व्हचा, अँप्लिफायर बनवून घेतला आणि पुण्याहून जड, काळा हेडफोन मागवला. मंगळवारी दुपारी निरोप आला. मी गेलो तर पंखा, फ्रिज, घड्याळ सगळं आधीच बंद. दिवे तांबूस पेटले होते.

"तापू दे जरासा," तो म्हणाला. "मग आयक."

तेवढ्या वेळात मला राहवलं नाही.

"खेमराज, तो आवाज गुरुजींचा नाही. मी त्यांना काढलं होतं. सगळ्यांसमोर. तुला खोटं सांगितलं."

तो दिव्यांकडे पाहत होता. मान न वळवता म्हणाला, "पडद्यामागचा ना? थो पोट्टा आहे. दुसऱ्या नंबरच्या हेडफोनातच समजलं मले."

"मग बोलला काऊन नाहीस?"

"तू बोलशील म्हनून पाहून राहिलो होतो." त्यानं कपाळावरचा घाम पुसला. "राग आला होता. लय आला होता. पन आईनं एक गोष्ट सांगतली होती. नाटकावरून बाबूजी घरी आले, हातपाय धुतले अन् म्हनाले, आज एकच वाक्य द्यावं लागलं. तीस वर्सं आख्खी वही वाचनारा मानूस. एकच काऊन?"

त्यानं वही उघडली. लोकांचा नकाशा. तिसऱ्या ओळीत, खांबाजवळ, एक चौकोन रिकामा होता.

"आयक," म्हणत त्यानं हेडफोन माझ्या कानांवर चढवला.

तिसरा अंक. माझाच आवाज, तरुण, माजलेला. घर सोडून गेलेला मुलगा परत येतो तो प्रवेश. टेपमधला मी थांबलो. मला आठवलं, तिथं माझं डोकं कोरं झालं होतं. पडद्याआड पानं उलटल्याची सळसळ. पोराला जागा सापडत नव्हती. एक खोकला, टेंभऱ्याचा. बांगड्या किणकिणल्या. आणि दूर, लोकांच्या मधून, घाई नसलेला एक आवाज:

"आधी पाणी दे, आई. मग सगळं सांगतो."

पाठोपाठ मी तेच वाक्य जोरात म्हणालो आणि टाळ्या पडल्या.

ते वाक्य पोरानं दिलं असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. मी सांगितलं होतं, समोर बसून पाहा. ते आले होते, समोर बसले होते.

मी हेडफोन काढला नाही. काढला असता तर त्याच्याकडे पाहावं लागलं असतं. त्यानं शिसपेन्सिल घेतली, नकाशातल्या रिकाम्या चौकोनात सावकाश दोन अक्षरं लिहिली, बाबू, आणि 'जी' लिहिण्याआधी थांबला. डोळे पुसले.

मग उठला. भिंतीपाशी गेला आणि मी त्या घरात इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाहिलं, त्यानं माझ्यासाठी पंखा लावला.