पथ्याचा अबोला

"रोज दो मील चलो. बीच में बैठने का नहीं," निर्वासितांच्या कँपातल्या सिंधी डॉक्टरनं बजावलं. ठमाबाईनं मान डोलावली. तिच्या नवऱ्याचीही डोलली, पण एकाच बाजूला. चोपन्न सालच्या होळीला हरिचंद्राच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. आवणीला, भाताची रोपं लावायच्या वेळी, आपल्या शेतात आपल्या पायांवर उभं राहायचं, एवढाच त्याचा ध्यास होता. नाहीतर शेत चुलतभावाला कसायला द्यावं लागणार, आणि तो तर आत्तापासूनच बांधावर घिरट्या घालत होता.

दुसऱ्याच दिवशी काठी टेकत, ठमाबाईला धरून स्वारी निघाली. पण आजारातून उठलेल्या माणसाला दारावरून तसंच जाऊ द्यायची त्यांच्या खरवई गावात रीत नव्हती.

"हरीदादा, टेक जरा. चाय घेतल्याबिगर जाशील कसा?" शेजारच्या धर्मराजनं हात धरून बसवलं. पुढे सखूनं तांदळाची भाकरी वाढली. त्यापुढे माईनं तर खाटच टाकली. महिनाभरात पाय होते तिथेच राहिले, पोट मात्र सुटलं.

एक दिवस वैतागून तो धर्मराजवर खेकसला, "तुझी चाय म्हशीला पाज!"

धर्मराजनं धाडकन दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्या दारावरून हरिचंद्र न थांबता पुढे गेला, आणि त्याच्या डोक्यात उजेड पडला. मग त्यानं रोज एक घर धरलं. सखूच्या भाकरीला नावं ठेवली, माईच्या खाटेत ढेकूण आहेत म्हणाला. जीभ अजून जड, त्यामुळे शिवी कुणाला नीट कळायची नाही. मग ठमाबाई ती स्वच्छ शब्दांत समजावून सांगे आणि वर चार पदरच्या घाली. पंधरा दिवसांत सगळी आळी तुटली. हरिचंद्र न बसता मैलभरावरच्या शिरगावपर्यंत जाऊन येऊ लागला. काठीही सुटली.

मृग सरला, रोपं हातभर झाली, आणि त्याला आवणीची काळजी लागली. आवणी म्हणजे आज तू माझ्या शेतात, उद्या मी तुझ्या. आता त्याच्या शेतात येणार कोण?

"पाय आलं, पन मानसां गेली," तो म्हणाला. ठमाबाईनं कळशी उचलली आणि ती आळीतल्या बायकांच्या घोळक्यात विहिरीवर गेली.

ठरल्या सकाळी दोघं शेतावर पोचली, तर चिखलात ओळीनं वाकलेल्या पाठी! सगळी आळी लोटली होती. कुणी वर बघेना, कुणी रामराम घालेना. हरिचंद्र बांधावर मटकन बसला.

"धर्मराज, चुकलं रं माझं..."

धर्मराजनं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "वैनी, दादाला सांग, आमी बोलत नाय त्याच्याशी. डाक्तरनं कवापरेंत चालाला सांगलंय?"

"दिवालीपरेंत," ठमाबाई म्हणाली.

"मंग दिवालीपरेंत भांडान मोडाचं नाय," रोपं चिखलात खोवत धर्मराज म्हणाला. "आनि बसलाय कशाला तो? उठव त्याला!"