परातीखालचा खजूर

मलिद्याची परात जमिनीला टेकणार, तेवढ्यात रुथताई दिवेकरांनी तिच्याखालचा खजूर उचलून बशीत ठेवला आणि चेऊलकरांच्या अडाजणच्या फ्लॅटमध्ये ठरलेलं लग्न मोडायची वेळ आली.

रुथताई म्हणजे मुलीची आई, सकाळीच ठाण्याहून आलेल्या. त्यांची ओरना आणि मिलकाबाई चेऊलकरांचा नातू नेथन, दोघांचा साखरपुडा होता. त्याआधी एलियाहू हानाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा: गोड पोहे, ओलं खोबरं, वर फळं. बेने इस्राएलांच्या, म्हणजे मराठी ज्यूंच्या घरात शुभकार्य त्याच्याशिवाय पुढे सरकत नाही.

"विहीणबाई, तो तिथंच असतो," मिलकाबाई म्हणाल्या.

"परातीखाली? ज्या फळावर आशीर्वाद म्हणायचा ते चेंगरायचं? आमच्यात नाही बाई असलं काही."

"तुमच्यात नसेल. तुमच्यात पोह्यांत वेलचीसुद्धा नसते, ते मी बोलले का?"

आता नेथन पुढे आला. तीन वर्षं इस्राएलात धर्मशास्त्र शिकून आलेला. आल्या आल्या त्याने आजीच्या स्वयंपाकघरातली दोन पातेली शास्त्रात बसत नाहीत म्हणून बाद केली होती. खजूरही जाणार, असं मिलकाबाईंना वाटलं होतं. पण झालं उलटंच.

"मी माझ्या रब्बींना विचारलंय," तो म्हणाला. "पुस्तकात नसेना का, घराण्यात जे मनापासून पाळत आले ते मोडायचा हक्क आपल्याला नाही. रिवाजाला शास्त्राचं वजन असतं. आणि ओरना या घरात येणार, म्हणजे या घरची रीत तिची."

"असं? मग आमच्या घराण्याला वजन नाही वाटतं! ओरना, चपला घाल."

ओरना जागची हलली नाही. नुसती नेथनकडे बघत राहिली, आणि तिचे डोळे भरून आले. ते मिलकाबाईंनी पाहिलं. त्या खजुराची खरी गोष्ट जगात एकट्या त्यांनाच ठाऊक होती.

एक्कावन्न वर्षांपूर्वी त्या नव्या सूनबाई म्हणून नवागामच्या भाड्याच्या खोलीत आल्या. खोलीची फरशी मोरीकडे उतरती. पहिल्याच मलिद्याला परात मोरीच्या दिशेने चालू लागली. हाताशी खजूर होता, तो त्यांनी कडेखाली सारला. परात थांबली, प्रार्थना पार पडली. पुढच्या वर्षी जाऊबाईंनी आपणहून खजूर ठेवला आणि वर चारचौघांत सांगितलं, "आमच्या मिलकाला माहेरचं सगळं येतं." चौथीत शाळा सुटलेल्या मिलकाबाईंना कुणी पहिल्यांदाच काही येतं म्हटलं होतं. त्या गप्प बसल्या.

नंतर फ्लॅट झाला, फरशी सपाट आली. आता खजुरामुळेच परात कलायची, म्हणून घरातल्या वडीलधाऱ्याने दुसऱ्या बाजूला हात लावायचा. तोही मान झाला, आणि त्या मानावरून दोन मुलगे वर्षभर एकमेकांशी बोलले नव्हते. इस्राएलात अश्दोदला असलेल्या पुतणीच्या फोटोत खजूर दिसायचा. शेजारच्या कुसुमने तर सत्यनारायणाच्या कलशाखालीसुद्धा एक ठेवून पाहिला होता.

मिलकाबाईंनी पदर खोचला. आयुष्यात त्यांनी माघार अशी घेतलीच नव्हती, त्यामुळे ती कशी घेतात हेही नीट माहीत नव्हतं.

"ऐका सगळे. रीतबीत काही नाही. फरशीला उतार होता. परात घसरत होती म्हणून मी खजूर लावला. संपलं. त्या दिवशी तिथं बटाटा असता तर तुम्ही बटाटा पुजला असता!"

नेथन गुडघ्यांवर बसला आणि त्याने आजीचे दोन्ही हात धरले.

"आजी, माझ्या लग्नासाठी खोटं बोलू नकोस ना."

"मेल्या, खोटं कुठलं? मोरीकडे उतार होता! शपथ घेऊ?"

"बघा," रुथताई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता. "एवढी मानी बाई, पण पोरांसाठी स्वतःच्या घराची रीत खोटी पाडायला निघाली. आणि मी इथं फळ वर की खाली करत बसले."

"अहो विहीणबाई, खरंच उतार..."

"हो हो, होता उतार," रुथताईंनी त्यांची पाठ थोपटली, तापलेल्या लेकराची थोपटावी तशी. मग बशीतला खजूर उचलून ओरनाच्या हातात दिला. "ठेव तूच."

ओरना वाकली आणि थांबली. "आजी, बीसकट ठेवायचा की बी काढून?"

हे एक्कावन्न वर्षांत कुणीच विचारलं नव्हतं. सगळे मिलकाबाईंकडे बघू लागले. खरं बोलून झालं होतं, ते कुणाला नको होतं. आता आपण जे म्हणू ते ही पोरगी करणार, तिच्या पोरी करणार, अश्दोदलाही करतील. मिलकाबाई तोंडाने झटपट. पण या वेळी त्यांनी बराच वेळ घेतला. डोळ्यांसमोर आली ती नवागामची खोली आणि एका कोपऱ्यात अंग चोरून उभी असलेली एक नवी सून, जिला त्या दिवशी मलिदा सगळ्यांच्या शेवटी मिळाला होता.

"बी काढून," त्या म्हणाल्या. "आणि प्रार्थना झाली की तो खजूर पहिला नव्या सुनेला द्यायचा. मग बाकीच्यांनी खायचं. पुरुषांनीसुद्धा."

नेथनने खिशातून वही काढली. "आजी, हे कधीपासून आहे आपल्याकडे?"

"पहिल्यापासून," मिलकाबाई म्हणाल्या.