साट्यालोट्याचा कार्बोरेटर

आमच्या शेजारचे कारभारी तात्या मोटारीचा सुटा भाग कुणाला द्यायचा असला, की आधी त्याला हळदकुंकू लावतात. मग तो कोऱ्या खणात गुंडाळतात आणि घेणाऱ्याच्या ओंजळीत ठेवून म्हणतात, "आजवर आमचा हुता, आता तुमचा. चुकलं-माकलं संभाळून घ्या." घेणारा बिचारा आरसा किंवा हॉर्न न्यायला आलेला असतो. त्याला क्षणभर कळत नाही की आता पाया पडायचं की पडून घ्यायचं.

कारभारी हे त्यांचं नाव, हुद्दा नाही. घरातला कारभार त्यांच्या थोरल्या बहिणीकडे, यमुनाआक्कांकडे आहे. मी बदली होऊन पारनेरच्या शाळेत आले तेव्हापासून हे बहीणभाऊ माझे शेजारी. तात्या शुगर फॅक्टरीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. निवृत्तीनंतर त्यांनी माझ्यापेक्षा वयानं मोठी अशी एक दुधी रंगाची अँबॅसडर दुरुस्त करून उभी केली आणि उरलेलं आयुष्य तिच्या काळजीत घालवायचं ठरवलं. गाडी बंद असली की ती चालू होईल का ही काळजी. चालू झाली की कुठं बंद पडेल ही काळजी. व्यवस्थित चालत राहिली तर काळजी सगळ्यात जास्त, कारण मग नक्की काय बिघडलंय तेच कळत नाही.

नगरला जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांचा एक क्लब आहे. वर्षातून एका रविवारी ही मंडळी आपापल्या गाड्या घासूनपुसून मैदानावर मांडतात. परीक्षक येतात, बॉनेटं उघडून बघतात, कप देतात. मैदानाच्या एका बाजूला सुट्या भागांची अदलाबदल चालते. माझ्याकडं तुमच्या गाडीचा दिवा पडलाय, तुमच्याकडं माझ्या गाडीची मूठ, तर करू या बदल. क्लबच्या सेक्रेटरी डॉक्टरांनी पत्रकात त्याला 'स्वॅप मीट' असं नाव दिलं. तात्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "म्हंजी साटंलोटं की!"

आमची बहीण तुमच्या घरात, तुमची आमच्या घरात, अशी लग्नं जमवण्याच्या जुन्या रीतीला आमच्याकडे साटंलोटं म्हणतात. तात्यांचा शब्द मैदानभर झाला. 'स्वॅप मीट' पत्रकावरच राहिलं.

पण तात्या तो शब्द थट्टेनं वापरत नव्हते. समोरच्याची ते रीतसर चौकशी करत. गाडी शेडात असते का उघड्यावर? घरात आणखी कोण चालवतं? एका गृहस्थाला आमच्या तात्यांकडचा आरसा हवा होता. बोलणी जमत आली होती. तेवढ्यात त्या गृहस्थानं आपल्या गाडीचं दार धाडकन लावलं. तात्यांनी आरसा पुन्हा पिशवीत ठेवला. "जो मानूस दार असं आपटतो," ते मला म्हणाले, "त्याच्या घरी आमचा आरसा किती दिस टिकंल, बाई?"

भाग दिल्यावर तिसऱ्या दिवशी फोन. मग दर महिन्याला फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट प्रश्न, "नांदतंय का?" लोक हसायचे, पण खुशाली सांगायचे. कुणी म्हणायचं, "अहो, हॉर्न तुमच्या आठवणीनं रडतोय." तात्या गंभीर होऊन विचारायचे, "आवाज बसलाय का त्याचा?"

गेल्या वर्षी त्यांनी पुणतांब्याच्या रामनाथभाऊंशी साटंलोटं केलं. रामनाथभाऊ शेतकरी, त्यांच्याकडे जुनी जीप. तात्यांनी त्यांना जीपचं मीटर दिलं, वेग दाखवणारं. बदल्यात रामनाथभाऊंच्या कोठीत पडलेला अँबॅसडरचा कार्बोरेटर घेतला. इंजिनाला पेट्रोल आणि हवा कालवून पाजणारा हा भाग. तो नसला तर गाडी म्हणजे चार चाकांचं कपाट.

"पयले चार महिने कुरकुर केली," तात्या सांगायचे. "भर उन्हाळ्यात तर बोलायचंच न्हाई. मग हळूहळू रुळला. आता एका हाकेला उठतोय." हे सांगताना त्यांचा चेहरा असा काही उजळायचा की मीही त्या यंत्राचं कौतुक करायची.

यंदाचा मेळावा आठवड्यावर आला आणि तात्यांनी नेहमीचा फोन लावला. मी त्यांच्या ओट्यावरच बसले होते. फोनचा आवाज मोठा, त्यामुळे दोन्ही बाजू ऐकू येत होत्या.

"रामनाथभाऊ, नांदतंय का?"

"कुठलं नांदतंय, तात्या! जीप गोठ्यात उभी हाय आन काटा साठावर!"

"साठावर?"

"साठावर. हलंना. म्हशी बघून ऱ्हायल्यात माझ्याकडं."

तात्या म्हणाले, मीटर धाडून द्या, दुरुस्त करतो. पण रामनाथभाऊंनी दुसरंच ठरवलं होतं. श्रीरामपूरच्या एका माणसाकडं जीपचं चांगलं मीटर होतं आणि त्याला नेमका अँबॅसडरचा कार्बोरेटर हवा होता. "रविवारी तुमचं मीटर घेऊन येतो. साटं मोडलं की दोनीकडचं परत, आसंच ठरलंय ना आपलं? तुमचं तुमाला, आमचं आमाला."

ठरलं होतं खरं. तात्यांच्या शब्दाची सगळ्यांना एवढी गोडी लागली होती की क्लबनं रीतही त्याच्याबरोबर उचलली होती. एकाचा भाग बसला नाही, तर पुढच्या मेळाव्यात ज्याचं त्याला. डॉक्टरांनी तर ते नियमांच्या कागदावरही छापलं होतं.

त्या आठवड्यात तात्यांनी भाकरी निम्मी केली. दिवसातून चार वेळा बॉनेट उघडायचे, कार्बोरेटरकडे बघायचे आणि बंद करायचे. शनिवारी कुंपणापाशी येऊन मला म्हणाले, "बाई, तुमच्या मोबाईलात बघा बरं, उद्या पुनतांब्याकडं पाऊस हाय का?"

फेब्रुवारी महिना होता. मी बघितलं. "कडक ऊन आहे तात्या."

"एकदम कडक?" असं म्हणून ते खिन्न होऊन गेले.

रविवारी मीही त्यांच्याबरोबर निघाले. मला नगरला चष्मा करायला टाकायचा होता, हे कारण. खरं म्हणजे काय होतंय ते बघायचं होतं. पुढं तात्या आणि शेजारच्या सीटवर त्यांची हत्यारांची पेटी. मागं आक्का आणि मी. सुप्याला गाडी थांबवून त्यांनी आम्हाला गप्प बसवलं आणि इंजिन ऐकलं. कामरगावला पुन्हा ऐकलं. "बाई, येवढ्या लांबनं मानूस सकाळी येईल का वो?" त्यांनी मला तीनदा विचारलं. मी तीनदा म्हटलं, "नाही येणार." मास्तरकीत खोटं बोलायची सवय लागते, निकाल लावायचा असतो ना.

रामनाथभाऊ आमच्या आधी येऊन बसले होते. मांडीवर पिशवी, पिशवीत मीटर. मीटर तात्यांच्याच खणात गुंडाळलेलं होतं, माणूस रीतीचा. "तात्या, राग मानू नका," ते म्हणाले. "पाना आना, काढून घेऊ. आकराला फेरी हाय."

अकराला परीक्षकांपुढं प्रत्येक गाडीनं स्वतःच्या बळावर मैदानाला एक चक्कर मारायची असते. जी चालू होत नाही ती स्पर्धेतून बाद. मला वाटलं, तात्यांचा जीव कपात अडकलाय. गेली तीन वर्षं त्यांच्या गाडीला कप मिळत होता, तोही मुख्यतः बॉनेटवरच्या तुऱ्यामुळे. मूळ गाडीचा, चकचकीत, लांबट तुरा. तसा दुसरा अख्ख्या जिल्ह्यात कुणाकडे नव्हता.

तात्या बॉनेटला पाठ लावून उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात पसरले.

"मी दुसरं मीटर हुडकून देतो. म्हैनाभरात देतो."

"पन श्रीरामपूरवाला आज उभा हाय ना हितं."

डॉक्टर मध्ये पडले. "तात्या, नियम आहे आणि शब्दही तुमचाच आहे."

"शब्द माझा हाय," तात्या म्हणाले आणि त्यांचा आवाज एकदम चिरकला. "पन मीटर बिघडलं त्यात याचा काय गुन्हा? हा चांगला नांदतोय माझ्याकडं. तिकडचं मोडलं म्हनून हिकडचं बी उपटायचं? हा कुठला न्याय?"

भोवती जमलेले लोक खो खो हसले. कार्बोरेटरची बाजू घेऊन भांडणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच बघितला असेल. मीही हसले. आक्का मात्र हसल्या नाहीत. त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला तिथून बाजूला, लिंबाच्या सावलीत ओढत नेलं.

"हसू नका, बाई," त्या म्हणाल्या. "आमचं साटंलोटं हुतं. एकाच मांडवात दोन लग्नं लागली. मी तिकडं गेले, माझी ननंद सुभद्रा हिकडं आली. ह्याची बायकू."

मी तात्यांना जन्माचे ब्रह्मचारी समजत होते. गावात कुणी कधी वेगळं बोललं नव्हतं.

"माझा नवरा मारायचा. वरीसभरात मी परत आले. आल्याच्या दुसऱ्या दिशी आमच्या बापानं सुभद्रेला गाडीत बसवली. साटं मोडलं, ज्याचं त्याला. ती चांगली नांदत हुती वो. कुनाला उलटून बोलली न्हाई कदी. हा बावीस वर्साचा, दारात उभा ऱ्हायला. बापापुढं एक शबुद बोलला न्हाई." आक्कांनी पदरानं तोंड पुसलं. "पुढं दुसरी करून घेतली न्हाई. आन ती कुठं हाय, जिती हाय का, त्ये बी इचारलं न्हाई कदी."

"तुम्हाला माहीत आहे?"

"हाय की. पन त्यानं इचारल्याबिगर मी कसं सांगू? माझ्यापायीच तर गेली ती."

मला माझ्या हसण्याची फार लाज वाटली. मी म्हणाले, "आक्का, ते विचारणार नाहीत. तुम्हीच सांगा."

आम्ही परत आलो तेव्हा तात्यांच्या हातात पाना होता. पण बॉनेट बंद होतं आणि ते वरचा तुरा खोलत होते. दोन्ही नट काढून त्यांनी तो रामनाथभाऊंपुढं धरला.

"ह्यो घ्या. ह्याच्या बदल्यात मीटर कुनीबी देईल तुमाला. पन त्याला ऱ्हाऊ द्या."

"तात्या, येडं का खुळं? ह्याच्यावर तर तुमाला कप मिळतो!"

"घ्या म्हनतो ना."

रामनाथभाऊंनी तुरा हातात घेतला आणि ते खाली बघत राहिले. श्रीरामपूरच्या माणसानं मात्र तो बघताक्षणी मीटर पुढं केलं. सगळं पाच मिनिटांत आटोपलं. हसणारे लोक आता हसत नव्हते, पण का हसत नाही आहोत हे त्यांना कळलं नसावं.

अकराला अँबॅसडर पहिल्या हाकेला चालू झाली. बॉनेटवर दोन भोकं घेऊन तिनं मैदानाला चक्कर मारली. परीक्षकांनी भोकांकडे बोट दाखवून कागदावर काहीतरी लिहिलं. कप दुसऱ्या कुणाला तरी गेला. तात्यांनी टाळ्या वाजवल्या आणि त्या भोकांतून पाणी आत जाईल का, अशी काळजी लगेच सुरू केली.

दुपारी परत निघालो. चष्मा टाकायचा मी विसरूनच गेले होते. कामरगावचा चढ चढून गाडी वर आली, तेव्हा आक्का खिडकीबाहेर बघत, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात म्हणाल्या, "कारभारी, सुभद्रेला नेवाशाकडं दिली हुती. बरी हाय. दोन ल्योक हायती, नातवंडं हायती. मला दोनदा लग्नात भेटली."

थोडं पुढं जाऊन तात्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. इंजिन चालू होतं. ते दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत राहिले. आक्कांचा श्वास मला शेजारी ऐकू येत होता. पन्नास वर्षांनी माणूस काय विचारतो? माझी आठवण काढते का, असं विचारेल, की माझ्यावर राग आहे का, असं?

"हसती का गं?" तात्यांनी विचारलं.

"लई हसती," आक्का म्हणाल्या. "दात न्हाईत आता. तोंडाला पदर लावून हसती."

"तवाबी लावायची," तात्या म्हणाले.

मागून एका ट्रकनं हॉर्न दिला. तात्यांनी आरशात बघितलं आणि हात बाहेर काढून त्याला पुढं जायची खूण केली.