कडुबाचं पाणी

बानाबाई पाण्याचा डबा काखेला लावून बाहेर आली, तेव्हा तिचा नवरा केरबा गाडीच्या तोंडाला पोतं बांधत होता.

"आवं, ह्ये काय आता?"

"झळ लई हाय. आपण डोक्याला उपरणं गुंडाळतो, मग हिनं काय पाप केलंय?" केरबाने सुतळीची गाठ आवळली. दोन दिव्यांमधली सगळी जाळी पोत्याखाली गेली. गाडीचे नुसते डोळे उघडे राहिले. "तोंडातून झळ पोटात गेली की बसंल मग रस्त्यात."

हर्सूलच्या ज्या माळावर केरबाची मेंढरं चरायची, तिथं आता प्लॉट पडले होते. आधी चारा गेला, मग पाणी गेलं, मग मेंढरं गेली. ती विकून केरबाने ही जुनी गाडी घेतली आणि शहागंजात बाजाराला जाणाऱ्या बायकांना ने-आण करू लागला. गाडी त्याने दारात बांधलेल्या जनावरासारखी सांभाळली. दुपारी सावलीला उभी करायची, संध्याकाळी अंगावरून हात फिरवायचा, आणि दृष्ट लागू नये म्हणून आरशाला काळा दोरा.

त्या साली दुष्काळ असा होता की हर्सूल तलावाच्या एका भेगेत पडलेली शेळी चौथ्या दिवशी पलीकडच्या भेगेतून वर आली. ही गोष्ट शपथेवर सांगणारे खूप भेटतात. शेळी पाहिलेला अजून भेटायचा आहे.

सकाळी पिशोरहून फोन आला होता. बानाबाईचा थोरला भाऊ कडुबा आता-मग झाला होता. बहिणीच्या हातून गंगेचं पाणी तोंडात पडावं, एवढ्यासाठी जीव घोटाळत होता म्हणे. गंगा म्हणजे गोदावरी. आपल्याकडं दुसरी कुणी पाहिलीय? पैठणच्या धरणातून ती नळाने शहरात येते, आठवड्यातून एकदा, तीसुद्धा नव्या सुनेसारखी लाजत लाजत. कालच येऊन गेली होती. बानाबाईने घरातलं चांगलं पाणी निवडून डबा भरला.

शेजारचे नानासाहेबही सोबत निघाले. माळ मूळ त्यांचाच. तो विकून त्यांनी एकामागून एक चार गाड्या घेतल्या आणि चारी बंद पडल्या, त्यामुळे गाडीतला त्यांचा अनुभव दांडगा होता.

"हवा बघितली?" पुढच्या सीटवर बसत त्यांनी विचारलं.

"बघितली."

"ऑइल? ब्रेक? रेडिएटरचं पाणी?"

"सगळं बघितलं, नानासाहेब."

"गाडीला माया नको असती केरबा, नियम लागतो." मग त्यांची नजर पोत्यावर गेली. "ह्ये मात्र ब्येस केलं. धूळ आत जायची नाय."

चौक्याच्या घाटात गाडी धापा टाकू लागली. घाट चढून जाते न जाते तोच पुढून वाफेचा लोट उठला. केरबाने गाडी बाभळीखाली घेतली, घाईघाईने पोतं वर सारून बॉनेट उघडलं आणि रेडिएटरच्या झाकणाकडं हात नेला.

"झाकणाला हात लावू नको!" नानासाहेब ओरडले. "तापलेलं झाकण उघडायचं नसतं. नियम हाय."

"मग काय करू?"

"थांबायचं."

"तिकडं माझा दादा थांबायचा का?" मागून बानाबाई म्हणाली.

थांबावंच लागलं. रस्त्याकडेला एक चहाची टपरी होती. केरबा तिकडं पळाला.

"पाणी मिळंल का, बादलीभर?"

"चहा मिळंल," टपरीवाला म्हणाला.

"आरं, पाणीच नाय तर चहा कशाचा करतो?"

"निव्वळ दुधाचा. टँकरची वाट बघत बसण्यापरीस म्हैस बरी."

नानासाहेबांनी दोन कप चहा घेतला आणि रेडिएटरमध्ये चहा चालेल का, यावर बराच विचार केला. साखर नसती तर चाललं असतं, असा त्यांचा निकाल पडला.

शेवटी सगळ्यांच्या नजरा बानाबाईच्या काखेतल्या डब्याकडं वळल्या. तिने डबा पदराखाली घेतला.

"ह्ये दादाचं हाय."

"आवं पण पोचलोच नाय, तर पाणी पाजायचं कुणाला?" केरबा काकुळतीला आला.

"आन् पाणीच नाय उरलं, तर पोचून काय करायचं? तोंड दाखवायचं?"

असा पेच नानासाहेबांच्या नियमांतसुद्धा नव्हता. मग बानाबाईनेच डबा पुढं केला. अर्धा डबा गाडीच्या पोटात गेला. केरबाने बॉनेट लावलं आणि पोतं पुन्हा नीट बांधलं, या वेळी दुहेरी.

फुलंब्रीच्या अलीकडं परत वाफ निघाली. शेतावरची चार माणसं गोळा झाली. एकाने सांगितलं, बेल्ट बघा. दुसरा म्हणाला, पंखा बघा. तिसऱ्याने इंजिनाकडं पाहून नुसतीच मान हलवली, तसा केरबाचा धीर सुटला. चौथा म्हणाला, "तोंड झाकलं ते चांगलं केलं बरं का. आमच्या ट्रॅक्टरला बी बांधायला पायजे." पाणी मात्र चौघांपैकी कुणाकडंच नव्हतं. डबा आणखी खाली गेला.

फुलंब्री मागे टाकून पिशोरच्या रस्त्याला लागले आणि गाडी तिसऱ्यांदा बसली. ऊन डोक्यावर आलं होतं.   इंजिन निवल्यावर बानाबाई खाली उतरली. तिने स्वतःच्या हाताने डबा रेडिएटरमध्ये उपडा करत आणला आणि तळाला पेलाभर राहिल्यावर हात आखडला.

"बास. एवढ्यावर चाल बये. ह्येच्यापुढं माझ्याकडं कायबी नाय."

उरलेलं पाणी तिने सोबत आणलेल्या पेल्यात ओतलं. पण पेला उन्हाने तापू लागला. दादाच्या तोंडात कढत पाणी कसं घालायचं? तिने इकडंतिकडं पाहिलं, गाडीच्या तोंडाचं पोतं ओढून सोडवलं, ते पेल्याभोवती गुंडाळलं आणि मांडीत घेऊन बसली.

सकाळपासून पहिल्यांदाच गाडीच्या जाळीला वारा लागला. त्यानंतर पिशोरपर्यंत ती एकदाही तापली नाही.

"बघा," केरबा गहिवरून म्हणाला, "गंगा पोटात गेली!"

"म्या तरी काय सांगत व्हतो? पाणी येळच्या येळी बदलावं," नानासाहेब म्हणाले.  बानाबाई पेला धरून बसली होती.

कडुबाची बाज अंगणात कडुनिंबाखाली होती. त्याची बायको मनकर्णाबाई उशाशी बसून वारा घालत होती.

"आलीस का गं बाई," ती रडू लागली. "सकाळधरनं एक थेंब घेतला नाय. दात खाऊन पडलेत. चमचा लावला की मान फिरवतेत."

बानाबाई बाजेच्या कडेला टेकली. "दादा, म्या आले. गंगा आणलीय. तोंड उघड."

कडुबाने डोळे उघडले. पण बहिणीकडं पाहिलं नाही, तिच्यामागे उभ्या केरबाकडं पाहिलं. ओठ हलले.

"दाजी... मेंढरं पेली का?"

 मेंढरं विकल्याचं कडुबाला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. सांगायची हिंमतच कुणाला झाली नव्हती. दोघांनी उभी हयात एकत्र मेंढरं राखली, आणि कळपातलं शेवटचं कोकरू पिऊन बाजूला होईपर्यंत कडुबाने कधी ओंजळ तोंडाला लावली नव्हती. बानाबाईने नवऱ्याकडं पाहिलं. जाणाऱ्या माणसापुढं खोटं कसं बोलायचं?

केरबाची नजर फाटकाबाहेर गाडीवर गेली. मग तो खाली वाकला.

"पेली, कडुबा. पोटभर पेली. गंगाच पेली."



"मग दे," कडुबा म्हणाला, आणि त्याने ओठ विलग केले.

बानाबाईने चमच्याने पाणी घातलं. एक घोट खाली उतरला. दुसरा ओठांच्या कोपऱ्यातून हळूच बाहेर आला. तिने तो पदराने टिपला आणि मग पदर तिथंच धरून राहिली.

केरबा उठून फाटकाबाहेर गेला. बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. पत्रा उन्हाने चांगलाच पोळत होता, पण बराच वेळ त्याने हात उचलला नाही.